याकूबभाईंची मोजणी

अध्यक्ष या प्राण्याची मला पहिल्यापासून ॲलर्जी आहे. कॅनडातल्या ग्वेल्फच्या आमच्या मराठी मंडळात कुटुंबं बावीस आणि माजी अध्यक्ष सात. हे सातही जण गणपतीत पहिल्या रांगेत उभे राहतात आणि आरतीत एकमेकांच्या वरच्या पट्टीत गातात. एकदा नंदन नावाच्या अध्यक्षाने मोदक कमी पडले म्हणून राजीनामा दिला. तो लगेच स्वीकारला गेला म्हणून भडकला, आणि पुढची दोन वर्षं त्याने वेगळा गणपती बसवला. तेव्हाच मी कानाला खडा लावला की आयुष्यात कुठल्याही संस्थेच्या कुठल्याही पदावर बसायचं नाही. आणि तरीही २०१५च्या ऑक्टोबरात मी, मिलिंद, मूळचा नागपूरचा, सत्यनारायणाच्या प्रसादाला नियमित आणि पूजेला अनियमित, ग्वेल्फमधल्या एका मशिदीच्या निवडणुकीचा निवडणूक अधिकारी झालो. याला सर्वस्वी जबाबदार माझे शेजारी याकूब पेवेकर.

याकूबभाई टाउनहाउसच्या रांगेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. गुहागर तालुक्यातल्या पेवे गावचे कोकणी मुसलमान. वय तेव्हा एकावन्न, उंची बेताची, आणि कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ते येतायत हे दिसण्याआधी ऐकू येतं. व्यवसाय फर्नेस दुरुस्तीचा. उणे वीस तापमानात घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली की माणसाला देवाच्या आधी याकूबभाई आठवतात. गावातल्या अर्ध्या बेसमेंटांमध्ये त्यांनी गुडघे टेकलेले आहेत. हिंदूंच्या, शिखांच्या, इटालियन म्हाताऱ्यांच्या, एका पाद्र्याच्यासुद्धा. इतक्या बेसमेंटांत गुडघे टेकूनही या माणसाला गावात एकही शत्रू नाही.

शत्रू नसण्याचं कारण मला उशिरा कळलं. कुठेही भांडण सुरू झालं की याकूबभाईंना फर्नेसचा आवाज वेगळा यायला लागतो. "थांबा हां, जरा बघून येतो," म्हणतात आणि खाली जातात. भांडण संपलं की हात पुसत वर येतात. दोन्ही बाजूंना वाटतं हा आपलाच माणूस. मी या युक्तीचा फार हेवा करायचो, कारण मला भांडणात पडल्याशिवाय राहवत नाही.

तर ती मशीद. एका बंद पडलेल्या कार्पेटच्या दुकानात अकरा वर्षांपासून होती. वर मोठा हॉल पुरुषांचा, खाली बेसमेंट बायकांचं. बेसमेंटमध्ये एक स्पीकर, त्यातून वरच्या इमामाचा आवाज यायचा. अध्यक्षपदाला दोन उमेदवार होते. हैदराबादचे दातांचे डॉक्टर फारुकी आणि लाहोरचे, जुन्या गाड्या विकणारे चौधरीसाहेब. त्याच महिन्यात देशाचीही निवडणूक होती, त्यामुळे चौधरीसाहेबांच्या डोक्यात आलं की आपणही लोकांच्या लॉनवर पाट्या लावाव्यात. ते कसंबसं थोपवलं. मग दोन्ही गटांना मतं मोजायला तटस्थ माणूस हवा होता. याकूबभाईंनी माझं नाव सुचवलं. हिंदू आहे, दोघांचाही नाही, आणि बायको शाकाहारी आहे, तेव्हा बिर्याणीला विकला जाणार नाही. मी स्वतः शाकाहारी नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही बोललो नाही.

मतपेटी म्हणजे डोनटचं खोकं, त्याला वरून चीर पाडलेली. मी टेबलामागे बसलो. पद्धत अशी होती की बायकांना काही विचारायचं असेल तर खालून चिठ्ठी यायची आणि टेबलावरच्या माणसाने ती वाचायची. मी आपला निष्पाप मनाने पहिली चिठ्ठी उघडली. अक्षर शाळेतल्या बाईंचं, रोमन लिपीत हिंदी. मी खणखणीत वाचली: "हदीसमध्ये आहे की दोन माणसं पैगंबरांकडे अधिकाराची जागा मागायला आली, तेव्हा ते म्हणाले, जो मागतो किंवा ज्याला हाव आहे त्याला आम्ही हे काम देत नाही. आज इथे दोघांनी फॉर्म भरून मागितलं आहे. तर पुढे काय करायचं?"

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की डोनटच्या खोक्यावरचा टेप सुटल्याचा आवाज आला. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, खरी होती, सगळ्यांना पाठ होती, आणि आजवर फॉर्म भरताना कोणालाही आठवली नव्हती. प्रथम डॉक्टर उठले. "मेरी तो कोई ख्वाहिश थी ही नहीं. चौधरीसाहब बनें." चौधरीसाहेब ताडकन उठले. "तौबा! मैंने कब माँगा? डॉक्टरसाहब बनें." पाऊण तास हे चाललं. ज्या दोघांनी महिनाभर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं ते आता एकमेकांना खुर्चीकडे ढकलत होते, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत भीती ही की समोरचा खरंच हो म्हणेल. नम्रतेची एवढी चुरस मी मराठी मंडळात कधी पाहिली नाही. आमच्याकडे नम्रता हे पदच नाही.

शेवटी मागून एक सोमाली आजोबा वैतागून म्हणाले, "इथे असा कोण आहे ज्याने मागितलेलं नाही?" सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. त्याच क्षणी फर्नेस-रूमचं दार उघडून याकूबभाई बाहेर आले. हात काळे, कानावर पेन्सिल. भांडण संपलं असेल असा त्यांचा हिशोब होता. हॉलमध्ये एकच घोष झाला आणि डोनटच्या खोक्याला हातही न लावता माझी निवडणूक संपली. याकूबभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी स्पष्ट पाहिला.

ती चिठ्ठी अर्थातच त्यांच्या बायकोची होती. झुबेदाभाभी. लग्नाआधी दापोलीला शाळेत शिकवायच्या, आणि अजूनही समोरच्याला दुसरीत असल्यासारखं बघतात. नवरा अध्यक्ष व्हावा हा त्यांचा डाव नव्हता, हे त्यांनी सुरेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, शपथेवर सांगितलं. त्यांना फक्त त्या दोघांना खाली बसवायचं होतं. नेम बरोबर लागला, पण पक्षी भलताच पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याकूबभाई आमच्या डेकवर येऊन बसले. चहा गार होऊ दिला. मी चेष्टा केली, "काय अध्यक्षमहाराज, भाषण तयार करा. तुमच्या त्या पहिल्या खलिफांनी काय सुंदर भाषण केलं होतं, मी तुमच्यातला उत्तम नाही, बरोबर वागलो तर मदत करा, चुकलो तर सरळ करा. तुम्हीच मला सांगितलं होतंत."

"ते म्हणाले तो विनय होता, मिलिंदराव. मी म्हणालो तर ती नुसती माहिती हाय." मग त्यांनी कप बाजूला सरकवला. "मना नाय जमायचा हा. मी एकदा केलाय."

आणि मग त्यांनी बशीरची गोष्ट सांगितली. १९९०. याकूबभाई सव्वीस वर्षांचे, कुवेतमध्ये एसी मेकॅनिक. इराकी फौजा शिरल्या तेव्हा गुहागर-चिपळूणकडची अकरा माणसं एकत्र निघाली, वाळवंटातून जॉर्डनकडे. प्रवासाला तिघं निघाले तरी एकाला अमीर करावं, म्हणजे म्होरक्या, असं हदीसमध्ये आहे. याकूबभाईंना थोडं अरबी यायचं, म्हणून ते अमीर झाले. सीमेजवळच्या छावणीत चार दिवस काढले. पाचव्या दिवशी बस आली, गर्दी उसळली. याकूबभाईंनी माणसं मोजली. अकरा भरली. बस सुटली. दोन तासांनी कळलं की अकरावा म्हणून मोजलेला, तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला माणूस एक अनोळखी मल्याळी होता, आणि त्यांचा बशीर पाण्याच्या रांगेत राहिला होता.

"मेला का?" मी विचारलं. मला धीर नाही.

"नाय. पाच आठवड्यांनी आला. जाडा होऊन आला, छावणीतला भात खाऊन. पण ते पाच आठवडे त्याची आई रोज आमच्या पडवीत येऊन बसायची. शिव्या नाय, रडणं नाय. फक्त विचारायची, माझा बशीर कुठे हाय? तू मोजलंस ना?" त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. "आमच्यात सांगितलंय, तुमच्यातला प्रत्येकजण मेंढपाळ हाय आणि प्रत्येकाला आपल्या कळपाबद्दल विचारला जाईल. लोकांना वाटतं ते कयामतच्या दिवशी. मना पेव्यातच विचारला."

मी चेष्टा केल्याचं वाईट वाटलं, आणि तसं म्हणायलाही जमलं नाही, म्हणून त्यांना आणखी चहा दिला.

अध्यक्ष म्हणून याकूबभाईंनी पहिले तीन महिने उत्तम काम केलं, म्हणजे काहीच केलं नाही. बैठकीत आवाज चढला की फर्नेस. लोक खूश होते. झुबेदाभाभी मात्र रोज एकच गोष्ट मागत होत्या. बायकांना वर जागा द्या. पैगंबरांच्या मशिदीत बायका त्याच हॉलमध्ये पुरुषांच्या मागे उभ्या राहायच्या, मध्ये भिंत नव्हती, हे त्या तारीखवार सांगायच्या. याकूबभाई म्हणायचे, बघू. आणि बघू म्हणत त्यांनी बेसमेंटला थंडी वाजते म्हणून दोन हीटर आणून दिले.

त्या हीटरांनी घात केला. २०१६चा पंधरा जानेवारी, शुक्रवार, संक्रांत. मी अर्धी सुट्टी काढून झुबेदाभाभींचा डबा परत करायला मशिदीत गेलो. रिकामा डबा परत करायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे सुरेखाने त्यात तिळाच्या वड्या भरल्या होत्या. वर पोचलो तेव्हा नमाज होऊन गेली होती, पुरुष समोसे खात उभे होते. मी डबा घेऊन जिन्याने खाली गेलो आणि शेवटच्या पायरीवर थिजलो. बेसमेंटमध्ये चाळीस बायका सजद्यात होत्या. कपाळं जमिनीला टेकलेली. हालचाल नाही, आवाज नाही. वर समोसे संपत आले होते आणि खाली नमाज अजून चालू होती.

झालं होतं असं. स्पीकर आणि हीटर एकाच लाइनवर होते. जोडणी याकूबभाईंचीच. सजद्यात जाताच ब्रेकर उडाला, स्पीकर मेला. आता सजद्यातून उठायचं ते इमामाच्या आवाजावर, आणि आवाज तर येईना. नमाज पढवणाऱ्या तरुण मौलानांना हल्ली लांबलचक सजद्यांची हौस लागली होती, त्यामुळे बायकांना वाटलं, आज अंमळ जास्तच रंगलेत. प्रत्येकीला वाटलं, आपणच आधी कशाला उठा. कोपऱ्यातल्या सहा वर्षांच्या एका मुलीने डोकं वर केलं, माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि गुपचूप डोकं पुन्हा खाली ठेवलं.

मी काय करायचं? बायकांच्या जागेत परका पुरुष, त्यातून हिंदू, हातात तिळाच्या वड्या. पण माझ्या गुडघ्यांनाच त्यांच्या वतीने कळा यायला लागल्या. मी मराठीत ओरडलो, "झुबेदाभाभी! उठा! नमाज संपली! वर समोसे वाटतायत!"

त्या उठल्या. कपाळावर कार्पेटची नक्षी उमटली होती. त्यांनी ओढणी सारखी केली आणि बारा पायऱ्या चढून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, पुरुषांच्या हॉलमध्ये गेल्या. याकूबभाईंच्या हातात अर्धा समोसा होता. झुबेदाभाभी चिडल्या की नवऱ्याला आडनावाने हाक मारतात.

"पेवेकरसाहेब," त्या म्हणाल्या, "ज्याचा आवाज ऐकू येत नाही त्याच्या मागे आम्ही कुठवर जायचं?"

मराठी कळणारे तिथे आम्ही दोघंच, पण सूर सगळ्यांना कळला. मग त्यांनी जाहीर केलं की त्या बेसमेंटमध्ये आपण पुन्हा पाऊल ठेवणार नाही. त्यांच्या मुलीचा, माहीनचा, निकाह सोळा एप्रिलला याच मशिदीत ठरला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तो आता आईशिवाय करा. एवढं बोलून त्या घरी गेल्या, आणि जाताना माझ्या हातातला डबा तेवढा न विसरता घेतला.

पुढच्या शुक्रवारी बेसमेंटमध्ये एकही बाई आली नाही. दुसऱ्या शुक्रवारी पुरुषांना कळलं की समोसे कोण बनवत होतं. तिसऱ्या रविवारी मुलांची कुराणाची शाळा बंद पडली, कारण शिकवणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, आणि चौधरीसाहेब चार नातवंडांना सांभाळत हॉलभर धावताना दिसले. माहीन जनावरांच्या दवाखान्यात काम करते आणि बापाशी इंग्रजीत बोलते. ती म्हणाली, "अब्बा, आय ॲम नॉट गेटिंग मॅरीड विदाउट मॉम. जस्ट फिक्स इट." जणू बाप म्हणजे फर्नेसच.

याकूबभाईंनी समिती नेमली. कुराणात कामकाजात सल्लामसलत करण्याची आज्ञा आहे, असं त्यांनी मला भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला, चौधरींचा घेतला, मौलानांचा घेतला, माझासुद्धा घेतला. भिंतीपलीकडून झुबेदाभाभींचा आवाज आला, "आणि खाली विचारलंत?"

याकूबभाई आमच्या सोफ्यावर बसून राहिले. भिंत पातळ होती आणि भाभींना ते ठाऊक होतं.

"एका बशीरसाठी पंचवीस वर्षं झोप नाही तुम्हाला," आवाज आता खाली आला होता, रागाचा नव्हता. "मी बघतेय ना रोज. मग चाळीस बायका अकरा वर्षं मोजणीतच नाहीत, त्यांचं काय? त्यांच्या आयांनी कोणाच्या पडवीत बसायचं?"

मी टीव्ही लावला. याकूबभाईंनी तो बंद केला, उठले आणि घरी गेले.

मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी सर्वसाधारण सभा बोलावली. मला पुन्हा टेबलावर बसवलं, बहुधा सवयीने. डॉक्टर आणि चौधरी या एका मुद्द्यावर प्रथमच एक झाले होते. बायका वर आल्या तर जागा पुरणार नाही, चर्चा होईल, फूट पडेल. बायकांनी मुकाट ऐकावं म्हणून डॉक्टरांनी कुराणातली आयत म्हटली: अल्लाहचं ऐका, रसूलचं ऐका आणि तुमच्यातल्या अधिकाऱ्यांचं ऐका. चौधरींनी लगेच खलिफांचं ते 'चुकलो तर सरळ करा' काढलं, रोख याकूबभाईंवर. मला एव्हाना यातली मेख कळली होती. जो खुर्चीत असतो किंवा बसू पाहतो त्याला आज्ञापालनाची आयत पाठ असते, आणि जो खुर्चीबाहेर असतो त्याला सरळ करण्याचं वचन. खुर्ची बदलली की पाठांतर बदलतं. आमच्या मंडळात याच कामासाठी घटनेची पुस्तिका वापरतात. शास्त्र बिचारं दोन्ही बाजू सांगून बसलेलं, ऐकणारे अर्धंच ऐकतात.

आवाज चढले. अपेक्षेप्रमाणे याकूबभाई उठले. "जरा फर्नेस बघून येतो," म्हणाले आणि गेले. दाराशी जाऊन त्यांनी जुडगा काढला. एक किल्ली चाचपली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिल्यापासून. सगळा हॉल वळून पाहायला लागला. फर्नेस-रूमची किल्ली जुडग्यात नव्हती. त्या सकाळी घरातच ती कोणीतरी काढून घेतली होती, आणि त्यांच्या घरात असं कोण करतं हे मला सांगायची गरज नव्हती. याकूबभाई बंद दारासमोर पाठमोरे उभे राहिले. मग वळले. आणि परत आले. या माणसाला भांडणाच्या दिशेने चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

ते हिंदीत बोलले, पण ती कोकणातून आलेली हिंदी, म्हणून मी मराठीतच सांगतो.

"इमाम नमाजात चुकला तर मागच्या पुरुषाने सुबहानल्लाह म्हणायचं आणि बाईने टाळी वाजवायची. हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. पैगंबरांनी बाईला टाळी दिली. कशाला दिली? ऐकू जावी म्हणून. आपण तिला बेसमेंटमध्ये बसवलं आणि असा स्पीकर लावला की वरचं खाली जातं, खालचं वर येत नाही. तो स्पीकर मी लावला. अकरा वर्षं खाली टाळी वाजली असेल तर ती कोणाला ऐकू आली? मला विचारतील तेव्हा मी काय सांगू, ब्रेकर उडाला होता?"

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला.

"एक एप्रिलपासून बायका वर, मागच्या चार रांगांत. ज्यांना खालीच बरं वाटतं त्यांनी खाली बसावं, खालचा स्पीकर वेगळ्या लाइनवर टाकतो. ज्याला हे मान्य नाही त्याने मला काढून स्वतः अध्यक्ष व्हावं. मी मागितलेलं नाही."

आता खरी गंमत. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले आणि थांबले. चौधरी अर्धे उठले आणि थांबले. कारण याकूबभाईंना काढा म्हणणं म्हणजे पद मागणं, आणि मागणाऱ्याला ते मिळत नाही हे ऑक्टोबरात सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं. दोघंही तसेच अधांतरी काही क्षण राहिले आणि हळूच खाली बसले. मी टेबलावर पेन आपटून ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. तो अधिकार मला होता की नाही हे आजतागायत कोणी विचारलेलं नाही.

सोळा एप्रिलला झुबेदाभाभी आल्या. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, मागे चाळीस बायका. शेवटच्या चार रांगा भरल्या. मी आणि सुरेखा चपलांच्या मांडणीशी खुर्च्यांवर बसलो होतो. निकाह दुपारच्या नमाजनंतर होता, आणि मौलाना हायवेवरच्या अपघातामुळे ट्रॅफिकमध्ये अडकले. त्यांचा फोन आला, नमाज उरकून घ्या, मी पोचतोच. मग पुढे उभं कोण राहणार? डॉक्टरांनी चौधरींकडे पाहिलं, चौधरींनी डॉक्टरांकडे. "आप." "नहीं, आप." शेवटी दोघांनी मिळून याकूबभाईंना ढकललं.

ते पुढे गेले. नवा काळा सूट, हात कधी नव्हे ते स्वच्छ. सुरू करण्याआधी इमाम मागे वळून रांगा सरळ करायला सांगतो. याकूबभाई वळले आणि वळलेलेच राहिले. त्यांची बोटं हलत होती. मला कळलं, ते माणसं मोजतायत. थेट शेवटच्या रांगेपर्यंत. मग त्यांनी पाठ फिरवली.

दुपारची नमाज मनातल्या मनात म्हणतात, मोठ्याने फक्त उठण्याबसण्याचे पुकारे. मला त्यातलं काही कळत नाही. मी नुसता बघत होतो. शेवटी सगळे बसलेले राहणार असं वाटत असताना याकूबभाई पुकारा करून उभे राहिले. आणि पुरुषांच्या रांगा विचित्र झाल्या. काही उभे, काही बसलेले, काही मध्येच. नमाजच्या चार रकाती, म्हणजे चार फेऱ्या, झाल्या होत्या, ते पाचवीला उठले होते, हे नंतर मला समजलं. हेही समजलं की डॉक्टरांना चूक लगेच कळली होती, चौधरींनाही कळली होती, पण बोललो तर लोक म्हणतील याला अजून पदाची हाव आहे, म्हणून दोघांच्याही तोंडून सुबहानल्लाह निघेना.

तेवढ्यात मागून टाळी आली. एकच, कोरडी, स्पष्ट. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची बोटं. मला ती टाळी पाठ आहे. रोज सात वाजता भिंतीपलीकडे ती नवऱ्याला जेवायला बोलावते. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि मग चाळीस बायकांच्या टाळ्या आल्या.

याकूबभाई जागच्या जागी थांबले. मी फक्त त्यांची पाठ बघत होतो. ती पाठ ताठ झाली, मग सैल झाली, आणि ते खाली बसले. सगळा हॉल त्यांच्या मागे खाली बसला. चुकीबद्दलचे दोन जादा सजदे करून त्यांनी नमाज संपवली.

नंतर लोक पांगले, माहीन नटून आली, मौलाना धापा टाकत पोचले. याकूबभाई मात्र सरळ मागच्या रांगेशी आले. डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. झुबेदाभाभींनी पर्स उघडली, फर्नेस-रूमची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या. आता हवी तेवढी बघा फर्नेस."

त्यांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. "झुबेदा," ते म्हणाले, "मोजणी आजपण चुकली गो. तेवा पण चुकली. तेवा मागे टाळी वाजवणारा कोणी नव्हता."

भाभींनी त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली.

"तेव्हा मी दापोलीत होते," त्या म्हणाल्या. "दुसरीच्या मुलांना पाढे शिकवत होते. चला, मुलगी थांबलीय."